समुद्राचं तापमान मोजायला गेलं की जहाजच आडवं येतं, मग शास्त्रज्ञ करतात तरी काय?

दुसरं महायुद्ध १९४५ च्या ऑगस्टमध्ये संपलं आणि त्याच सुमारास जगातले समुद्र अचानक गार झाले. सरासरी ०.३ अंश सेल्सिअसने.

०.३ ऐकायला किरकोळ वाटतं. पण जगभरच्या समुद्राची सरासरी आहे ही. आजच्या तापमानवाढीच्या वेगानेही तेवढा फरक पडायला दीड-दोन दशकं लागतात. इथे तो काही महिन्यांत पडला होता. एल निनोचा हिशोब वजा केला, ज्वालामुखींचा केला, तरी आलेखातली ती घसरण जागची हलेना. बरं, जमिनीवरच्या तापमानात तशी घसरण कुठेच नव्हती. म्हणजे समुद्र गार झाला आणि किनाऱ्यावरच्या कुणाला पत्ताच लागला नाही, असं काहीतरी.

याचं उत्तर २००८ साली 'नेचर' या नियतकालिकात आलं. समुद्र गार झालाच नव्हता. मोजणारी जहाजं बदलली होती.

झालं असं की १९४२ ते १९४५ च्या युद्धकाळात समुद्रावरच्या तापमानाच्या साधारण ८० टक्के नोंदी अमेरिकन जहाजांकडून येत होत्या. अमेरिकन जहाजं तापमान मोजायची इंजिन रूममध्ये, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात त्या पाइपात. इंजिन रूम म्हणजे भट्टीच. तिथे पोहोचेपर्यंत पाणी थोडं तापलेलं असायचं. युद्ध संपलं आणि ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढून निम्म्यावर गेल्या. ब्रिटिशांची पद्धत वेगळी. दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडायची, वर ओढायची आणि तिच्यात थर्मामीटर बुडवायचा. बादली बऱ्याचदा कॅनव्हासची. आता ओल्या कापडाला वारा लागला की काय होतं ते माठातलं पाणी पिणाऱ्या माणसाला सांगायला नको. बादली डेकवर येईपर्यंत पाणी गार व्हायचं.

एकीकडे जरा तापलेलं पाणी, दुसरीकडे जरा गार झालेलं. दोन्हींच्या मधली फट म्हणजे ते ०.३ अंश.

गंमत म्हणजे यात कुणी आळस केला नव्हता. दोन्हीकडच्या खलाशांनी सांगितलं तसंच मोजलं होतं. दोष होता तो मोजणाऱ्याच्या पायाखाली. जहाज ही लोखंडाची, तापणारी, वारा अडवणारी, हलणारी, धूर सोडणारी वस्तू आहे. तिच्यावर उभं राहून ती नसती तर समुद्र कसा असता हे मोजायचंय. संशोधन जहाजांवरची निम्मी अक्कल याच कामात खर्च होते.

एवढा कीस काढायची गरज आहे का?

आपल्यापुरतं बोलायचं तर आहे. मूळच्या पुण्याच्या असलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासोबत १९८४ साली दाखवून दिलं की आपल्या भोवतालच्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर पावसाचे मोठे ढग जमायची शक्यता एकदम वाढते. त्याच्या खाली ती बरीच कमी. म्हणजे २७.८ आणि २८.१ या दोन आकड्यांच्या मधून उंबरठा जातो. आता बादलीवाली चूक परत आठवा. थर्मामीटर तेवढाच चुकला, तर समुद्र उंबरठ्याच्या या बाजूला आहे की त्या, हेच कळणार नाही.

"उपग्रह आहेत की आता," असं कुणी म्हणेल. आहेत. पण उपग्रहाचा इन्फ्रारेड कॅमेरा पाण्याचा अगदी वरचा, मिलिमीटरपेक्षाही पातळ पापुद्रा पाहतो. बाष्पीभवनामुळे हा पापुद्रा खालच्या पाण्यापेक्षा ०.२-०.३ अंशांनी गार असतो. शिवाय ढग आले की त्याला काही दिसत नाही, आणि पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग नसतील तर कुठे असतील? त्यामुळे उपग्रहाचा आकडा बरोबर आहे की नाही हे पाहायला कुणीतरी पाण्यात हात घालावाच लागतो.

भारताकडे यासाठी मोजकी पण चांगली जहाजं आहेत. १९८३ पासून सेवेत असलेलं 'सागर कन्या', चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं 'सागर निधी', आणि गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधू साधना'. ही गोव्याची संस्था १९६६ साली सुरू झाली ती मुळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. त्या मोहिमेत अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हा महासागर पहिल्यांदा नीट पिंजून काढला होता.

आधी हवेचं बघू

हवेचं तापमान मोजणं सगळ्यात सोपं वाटतं. पण लोखंडी डेकवर भर दुपारी अनवाणी उभं राहून बघा. डेक तापतो, त्यावरची हवा तापते, आणि थर्मामीटर समुद्रावरच्या हवेऐवजी जहाजाच्या हवेचं तापमान सांगायला लागतो. एखाद-दोन अंशांचा फरक सहज पडतो. जुन्या जहाजांच्या नोंदींवर काम करणाऱ्यांनी यावर एक साधा उपाय काढला. दिवसाच्या नोंदी बाजूलाच ठेवायच्या आणि फक्त रात्रीच्या वापरायच्या. जगाच्या तापमानवाढीचा अभ्यास करताना समुद्रावरच्या हवेसाठी रात्रीच्या नोंदींचा वेगळा संच वापरतात तो यामुळे. त्यातही एक भानगड आहे. शतकभरात जहाजं उंच होत गेली, त्यांच्याबरोबर थर्मामीटरही वर सरकला, आणि समुद्रावर जसजसं वर जावं तशी हवा साधारणपणे गार होत जाते. म्हणून प्रत्येक नोंद १० मीटर उंचीवर असती तर किती असती, असा हिशोब करून मगच जुन्याशी ताडतात.

आर्द्रतेला मीठ छळतं. पारंपरिक पद्धतीत दोन थर्मामीटर असतात, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली असते. वातीतलं पाणी उडतं, फुगा गार होतो, आणि दोन्हींतल्या फरकावरून हवेत किती बाष्प आहे ते काढतात. समुद्राचे तुषार उडून वातीवर मीठ बसलं की पाणी सावकाश उडतं, फुगा पुरेसा गार होत नाही, आणि हवा आहे त्याहून दमट दिसते. उपाय काय? वात बदलायची, ऊर्ध्वपातित पाणी वापरायचं. पुन्हा पुन्हा. सूर्याची उष्णता मोजणाऱ्या यंत्राच्या काचेच्या घुमटावरही मीठ आणि धुरांड्याची काजळी बसते. ती रोज पुसावी लागते. मोहिमेवर पीएचडी करायला आलेल्या पोरांच्या वाट्याला सहसा हेच काम येतं.

हवेच्या दाबात उंचीचा खेळ आहे. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. बॅरोमीटर समजा १६ मीटर उंचीवर बसवलाय, तर तो २ हेक्टोपास्कल कमी दाखवणार. आपल्याकडच्या हवामान नकाशांवर समभार रेषा साधारणपणे २ हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात. म्हणजे उंचीची दुरुस्ती विसरली तर एक अख्खी रेषा चुकीच्या जागी. भर समुद्रात, जिथे शेकडो किलोमीटरवर दुसरं जहाज नाही, तिथे अशी एकच नोंद नसलेला कमी दाबाचा पट्टा जन्माला घालू शकते.

वारा मात्र खरा डोकेदुखी. लोकलच्या दारात उभं राहिलं की बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी तोंडावर सोसाट्याचा वारा येतो. जहाजाचंही तेच. जहाज १० नॉटने उत्तरेला चाललंय आणि खरा वारा पश्चिमेकडून १० नॉटने येतोय असं समजा. जहाजावरचं वातमापक सांगेल की वारा वायव्येकडून आहे आणि वेग १४ नॉट. दिशा चूक, वेगही चूक. मग जीपीएसवरून जहाजाचा वेग घ्यायचा, होकायंत्रावरून जहाजाचं तोंड कुठे आहे ते घ्यायचं, आणि जहाजाची गती वजा करून खरा वारा काढायचा. हे गणित सोपं आहे. तरी जुन्या नोंदींत दिशांची गल्लत झालेली सर्रास सापडते, कारण वातमापक दिशा सांगतं ती जहाजाच्या नाळेपासून आणि माणूस लिहितो ती उत्तरेपासून.

गणिताने न सुटणारा भाग पुढे आहे. जहाज वाऱ्याला अडवतं. इमारतीच्या आडोशाला वारा पडतो आणि गच्चीच्या कठड्यावरून तो उसळून जातो, तसंच. ब्रिजच्या मागे वारा जवळपास मेलेला असतो, तर ब्रिजच्या माथ्यावर थोडं उंच तो मूळपेक्षाही जोरात वाहतो. वातमापक एक-दोन मीटर इकडे तिकडे बसवलं की आकडा बदलतो. आणि वाऱ्याची चूक वाऱ्यापुरती राहत नाही. वारा समुद्राला जो रेटा देतो तो वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. वेगात १० टक्के चूक झाली तर रेट्यात २१ टक्के. हाच रेटा लाटा उठवतो, प्रवाह हलवतो, खालचं गार पाणी वर आणतो.

म्हणून चांगल्या मोहिमेत हवेची यंत्रं जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर उभारलेल्या खांबावर बसवतात. १९९९ सालच्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात 'बॉबमेक्स' नावाची मोहीम झाली. तेव्हा 'सागर कन्या'वर नाळेच्याही पुढे बाहेर काढलेल्या आडव्या दांड्यावर यंत्रं लावली होती, जहाजापासून जितकं लांब जाता येईल तितकं. शिवाय मोजणी चालू असताना जहाजाचं तोंड वाऱ्याकडे करून ठेवायचं. वारा बाजूने किंवा मागून आला की तेवढ्या वेळच्या नोंदी बाद. पाऊस कोसळतोय, जहाज डुलतंय, आणि कॅप्टनला सांगायचं की तासभर असंच तोंड धरून उभे राहा. कॅप्टन आणि मुख्य शास्त्रज्ञ यांच्यात यावरून काय संवाद होत असतील याची कल्पना करायला हरकत नाही.

पावसाचं थोडक्यात सांगतो. पर्जन्यमापकाच्या तोंडावरून वारा पाऊस उडवून नेतो, उलट समुद्राचे तुषार आत येतात, आणि जहाज कललं की मापकही कलतो. समुद्रावरचा पाऊस नेमका मोजणं आजही अवघड आहे, यात काही लपवण्यासारखं नाही.

आणि पाण्याचं?

"समुद्राचं तापमान किती?" हा प्रश्नच अपुरा आहे, कारण कितीवर हे विचारावं लागतं. आजची जहाजं तळाजवळून, साधारण ३ ते ५ मीटर खोलीवरून पाणी आत घेऊन मोजतात. पण वारा पडलेल्या उन्हाळी दुपारी वरचं मीटरभर पाणी तापून खालच्यापेक्षा एखाद अंशाने किंवा त्याहूनही जास्त गरम झालेलं असतं. जहाजाला त्याचा पत्ता नसतो, कारण ते पाणी त्याच्या तोंडाच्या वर असतं. मग संशोधक एक जुगाड करतात. लांब नळीच्या टोकाला तापमानाचा सेन्सर बांधून ती जहाजाच्या बाजूने पाण्यावर सोडतात. ती पृष्ठभागावर सळसळत सोबत चालते. तिला नावही 'सी स्नेक', म्हणजे समुद्री साप, असंच पडलंय. ती जहाजाने ढवळलेल्या पाण्याच्या बाहेर राहील अशी सोडायची, नाहीतर वरखाली मिसळलेलं पाणीच मोजलं जातं.

खोल पाण्यासाठी सीटीडी. कंडक्टिव्हिटी, टेम्परेचर, डेप्थ यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. एका गोल चौकटीत सेन्सर आणि त्यांच्याभोवती उभ्या बाटल्यांचं कडं, बहुधा २४ बाटल्या. विंचवरून केबलने ती खाली सोडतात, सेकंदाला साधारण एक मीटर. चार किलोमीटर खोल जायचं तर नुसतं उतरायलाच तासाहून जास्त. खाली जाताना सेन्सर स्वच्छ, न ढवळलेल्या पाण्यात शिरत असतात. वर येताना ते चौकटीने ढवळलेल्या पाण्यातून येतात. म्हणून सेन्सरची नोंद उतरतानाची धरतात आणि बाटल्या वर येताना भरतात. प्रत्येक खोलीवर थांबायचं, बाटलीच्या आतबाहेरचं पाणी एकसारखं होऊ द्यायचं, मग बटण दाबून बाटली बंद करायची. ही घाई केली की बाटलीत भलत्याच खोलीचं पाणी येतं, आणि हे नंतर कुणालाही बाटलीकडे बघून कळत नाही.

बाटल्या डेकवर आल्या की पाणी काढायचाही क्रम ठरलेला. ज्यांत विरघळलेले वायू मोजायचेत ते नमुने आधी, मीठ मोजायचे मागाहून. ऑक्सिजनच्या नमुन्यात नळीतून एक बुडबुडा गेला तरी तो बाद. अरबी समुद्रात याला फार महत्त्व आहे. तिथे साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. जगातल्या अशा सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी हा एक. जिथे खरा आकडा शून्याच्या आसपास आहे तिथे डेकवरच्या हवेचा एक बुडबुडा नसलेला ऑक्सिजन दाखवतो.

या मोजण्या किती काटेकोर असाव्यात याचा जागतिक दंडक आहे. संशोधन जहाजांच्या सर्वोत्तम मोहिमांसाठी तापमानात ०.००२ अंश. हे वेड वाटेल, पण समुद्राच्या तळाजवळचं पाणी दशकाला अंशाच्या काही हजाराव्या ते काही शंभराव्या भागानेच तापतंय. पट्टीच्या खुणाच त्याहून मोठ्या असतील तर ते दिसणार कसं?

लोखंडी जहाजातून लोखंड कसं मोजायचं?

हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वात भारी किस्सा. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना लोह लागतं, आणि खुल्या समुद्राच्या वरच्या थरात ते किती असतं? हजार लिटरच्या टाकीभर पाण्यात मिळून ग्रॅमचा वीस हजारावा भाग, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. आणि हे मोजायला आपण येतो ते हजारो टन पोलादावर बसून, गंजलेल्या विंचवरून लोखंडी केबल सोडत. अनेक दशकं समुद्रातल्या लोहाचे छापले गेलेले आकडे खऱ्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त होते. शास्त्रज्ञ इमानेइतबारे आपल्याच जहाजाचा गंज मोजत होते. अमेरिकेत जॉन मार्टिन यांच्यासारख्यांनी १९८० च्या दशकात स्वच्छ पद्धती बसवल्या तेव्हा कळलं की दक्षिण महासागरात लोह इतकं कमी आहे की वनस्पती त्याच्यावाचून उपाशी आहेत. आज असे नमुने घ्यायला धातू उघडा नसलेली केबल, वेगळ्या बाटल्या आणि प्लास्टिकने आतून मढवलेली, गाळलेल्या हवेची खोली लागते. आत जाताना चपला बाहेर. अगदी देवघरासारखं.

प्रवाह मोजतानाही हाच पेच. जहाजाच्या तळातून ध्वनीलहरी सोडून पाण्याचा वेग काढतात, पण त्यातून जहाजाचा स्वतःचा वेग वजा करावा लागतो. १२ नॉटने चाललेल्या जहाजाचं तोंड कुठे आहे हे सांगण्यात एका अंशाची चूक झाली, तर सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह तयार होतो. खरा प्रवाहच कित्येकदा २०-३० सेंटिमीटरचा असतो.

स्वयंचलित यंत्रं असताना जहाज कशाला?

गेल्या वीसेक वर्षांत 'आर्गो' नावाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रं जगभरच्या समुद्रांत सोडलेली आहेत. ती आपोआप बहुधा दोन किलोमीटर खोल बुडी मारतात, वर येताना मोजतात आणि उपग्रहाला आकडे पाठवतात. काम उत्तम. त्यांच्याच जोरावर २०१२ साली एक झकास तुलना झाली. १८७२ ते १८७६ मध्ये 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगप्रदक्षिणा करत खोल पाण्याची तापमानं घेतली होती. त्या जागी आर्गोचे आकडे ठेवले तेव्हा पृष्ठभागाचं पाणी सव्वाशेहून अधिक वर्षांत सरासरी ०.५९ अंशांनी तापलेलं निघालं. हे जमलं कारण 'चॅलेंजर'वाल्यांनी नुसते आकडे नाही, तर कोणता थर्मामीटर, कसा सोडला, हेही लिहून ठेवलं होतं. खोल पाण्याच्या दाबाने थर्मामीटरची काच दाबली जाते आणि तापमान जास्त दिसतं, याचीही चाचणी त्यांच्या काळातच झाली.

पण आर्गोचं यंत्र एकदा पाण्यात सोडलं की सहसा कुणी ते परत उचलून तपासत नाही. काही वर्षांपूर्वी अशा बऱ्याच यंत्रांनी समुद्र खारट होत चालल्याचं कळवायला सुरुवात केली. खारट होत होता तो सेन्सर. तो हळूहळू सरकत होता. हे पकडायचं तर शेजारून घेतलेली, खात्रीची नोंद हवी, आणि ती जहाजावरच्या सीटीडीची.

बरं, सीटीडीचा सेन्सर सरकला तर? म्हणून त्याच खोलीच्या बाटलीतलं पाणी जहाजावरच्या प्रयोगशाळेत, तापमान स्थिर ठेवलेल्या खोलीत, दुसऱ्या यंत्रावर तपासतात. ते यंत्र चुकलं तर? त्यासाठी काचेत सीलबंद केलेलं प्रमाणित समुद्रजल असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही दशकं ते कोपनहेगनहून यायचं, आता इंग्लंडहून येतं, आणि मूळ पाणी असतं उत्तर अटलांटिकचं. मीठ मोजायला बसलेला माणूस नमुन्यांच्या आधी एक बाटली फोडतो, यंत्राला ते पाणी दाखवतो, आकडा जुळवतो, मग आपले नमुने लावतो, आणि मध्ये मध्ये पुन्हा नवी बाटली फोडून यंत्र जागेवर आहे ना हे बघतो. रत्नागिरीसमोरच्या समुद्रात किती मीठ आहे हे अशा रीतीने उत्तर अटलांटिकच्या त्या बाटलीभर पाण्याशी ताडून ठरतं. प्रत्येक बाटलीवर बॅचचा क्रमांक असतो आणि तोही वहीत लिहायचा असतो.